लेकीच्या कोडाचं पथ्य: आंबट बंद, पांढरं बंद, मग डब्यात द्यायचं काय?

मोगरा_सांगली

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगी सात वर्षांची, दुसरीत. दिवाळीत उटणं लावताना तिच्या उजव्या गुडघ्यावर मसुराएवढा पांढरा ठिपका दिसला. घरच्यांचं नेहमीचंच, "जंत झाले असतील, कॅल्शियम कमी असेल". जंताचं औषध झालं, गुलाबी सिरपची बाटली झाली. माघ संपेपर्यंत दोन्ही गुडघे, एक घोटा आणि डाव्या पापणीचा कोपरा. त्वचेच्या डॉक्टरांनी अंधार करून निळसर दिव्याखाली बघितलं आणि कोड असल्याचं सांगितलं. रात्री लावायला टॅक्रोलिमस ०.०३ टक्क्याचं मलम दिलं. मी पथ्य विचारलं तर म्हणाले, "सगळं खाऊ दे."

आता हे 'सगळं खाऊ दे' घरी कुणाला पटणार? सासूबाई म्हणाल्या, ज्या आजाराला पथ्य नाही त्या डॉक्टरला आजारच कळला नाही. मग यादी सुरू झाली. दही, ताक, लिंबू, चिंच, कैरी, टोमॅटो बंद. शेजारच्या काकूंनी त्यात दूध घातलं, कारण पांढरं. मावससासूबाईंनी अंडं आणि वांगं. नणंदेच्या ऑफिसातल्या कुणीतरी मीठ. पाणी तांब्याच्या भांड्यातलं. शिवाय औषधाच्या दुकानातून झिंक, 'ड' जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि जडीबुटीच्या कॅप्सूलचा डबा आला, तो मीच आणला, खोटं कशाला बोलू.

चार महिने झाले. वजन २१ किलो होतं ते १९.५ झालं. हिमोग्लोबिन ९.४. गुडघ्याचे डाग होते तेवढेच, घोट्याचा वाढलाय.

परवा भेळेच्या गाडीवर गेलो होतो. मी काही बोलायच्या आत हिनेच गाडीवाल्याला सांगितलं, "काका, माझ्यात चिंचेचं पाणी नको, मला डाग आहेत." तो बिचारा डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रश्न एवढेच: आहाराने कोड खरंच कमीजास्त होतं का? कुठलं जीवनसत्त्व द्यावं, कुठलं नको? अनुभव असेल तरच लिहा, ही विनंती.

खडूस_आत्या

अनुभव नाही, तरी लिहिते. पांढरं खाऊन पांढरे डाग पडत असतील तर आमच्या शेजारचा पोरगा जूनभर जांभळं खातो, तो अजून गव्हाळच आहे. भाताचं पथ्य कोकणात कुणी काढलं असतं तर त्याला दर्यात बुडवला असता.

चेष्टा बाजूला. दीड किलो वजन उतरलंय. ते आधी बघ बाई.

मालवणी_तिखला

अनुभव आहे. मोठा आहे, बसून वाचा.

मला नवव्या वर्षी कोड आलं, आता त्रेचाळीस पूर्ण. पहिला डाग ओठाच्या कोपऱ्यात, मग बोटं, मग पावलं. आईला कुणीतरी सांगितलं, मासे आणि आंबट सोडलं की जाईल. मालवणात मासे सोडायचे म्हणजे काय ते तिकडचाच माणूस जाणे. घरात बांगडा भाजत असायचा आणि माझ्यासाठी मुगाचं वरण, कोकम न घातलेलं. सोलकढी बंद. आंब्याच्या दिवसांत लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात जायची. भावाच्या ताटाकडे बघू नये म्हणून मला आधी वाढायचे. सहा वर्षं हे चाललं.

डाग वाढायचे तेव्हा वाढलेच. एका वर्षी तर पथ्य काटेकोर असताना दोन्ही हात भरले. त्याचं कारण काय काढलं असेल? मी शाळेत कुणाच्या डब्यातलं खाल्लं असणार! मार खाल्लाय त्यासाठी. पंधराव्या वर्षी शिकायला कोल्हापूरला गेलो, मेसमध्ये समोर येईल ते खाल्लं. त्यानंतर तीन वर्षं एकही नवा डाग नाही. उद्या मी म्हणायचं का की तांबड्या रश्शाने कोड थांबतं?

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या सहा वर्षांत आईनेही मासे खाल्ले नव्हते. पोराला मिळत नाही म्हणून. तिला वाटायचं मला माहीत नाही आणि मला खरंच माहीत नव्हतं.

मोगराताई, डागांची सवय होते हो. ताटात आपल्यासाठी वेगळं वाढलंय, याची होत नाही.

निरभ्र

वरच्यांचा अनुभव त्यांच्यापाशी. माझ्या भाच्याच्या कपाळावर डाग होता, दही आणि लिंबू पूर्ण बंद केलं, पाच महिन्यांत कातडी जशीच्या तशी. औषध फक्त एक मलम. आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं सगळं टाकाऊ नसतं. ॲलोपॅथीवाल्यांना आहाराचं महत्त्व कळत नाही, हे मोगराताईंच्या डॉक्टरांच्या तीन शब्दांवरूनच दिसतं.

तालुक्याचा_डॉक्टर

त्वचारोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी बसतो. मोगराताईंच्या डॉक्टरांचे तीन शब्द बरोबर होते, फक्त तीनशे बोलायला हवे होते. ओपीडीत रांग असली की माझंही तेच होतं, म्हणून त्यांची बाजू घेत नाही. उरलेले मी लिहितो.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा हल्ला करते. रंगाचा कच्चा माल कमी पडला म्हणून कातडी पांढरी होत नाही, कारखान्यातले कामगारच मारले जातात. त्यामुळे कच्चा माल जास्त पाठवून, म्हणजे अमुक खाऊन, किंवा तमुक बंद करून तो हल्ला थांबत नाही. जगात शंभरातल्या साधारण एकाला हा आजार असतो आणि निम्म्या लोकांना तो विशीच्या आत सुरू होतो. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे आणि ते स्पर्शाने पसरत नाही, हे इथल्या मंडळींना माहीत असेल, पण शाळेच्या बाईंना मुद्दाम सांगा.

लिंबाचं खूळ कुठून आलं? 'क' जीवनसत्त्व त्वचेवर लावलं तर रंग बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) थोडा आळा घालतं, म्हणून ते गोरेपणाच्या क्रीममध्ये घालतात. तिथून कुणीतरी थेट वरणावरच्या फोडीवर उडी मारली. खाण्यातल्या लिंबाने, चिंचेने कोड वाढतं असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. उलट पालक, डाळ, नाचणी यांतलं लोह अंगी लागायला तेच लिंबू लागतं. या वयाच्या मुलांत हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली गेलं की आम्ही रक्तक्षय म्हणतो, तुमच्या मुलीचं ९.४ आहे. लिंबू काढलंत, टोमॅटो काढलात, अंडं काढलंत, भूकही मेली असणार. लोहाचं औषध बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि ते दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नका.

दूध-दही बंद करण्याचा प्रकार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतंच. तुमच्याकडे मासमच्छी होत नसेल तर दूध, दही, ताक आणि अंडं एवढीच बी-१२ची दारं आहेत आणि तुम्ही ती चारही लावून घेतली आहेत. कोड असलेल्यांमध्ये बी-१२ आणि 'ड' कमी सापडण्याचं प्रमाण आधीच बरंच असतं, त्यात ही भर. कॅल्शियमचंही तसंच. नाचणी चांगलीच, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण सात वर्षांची मुलगी दिवसाला १०० ग्रॅम नाचणी खाईल का ते तुम्हीच सांगा.

तपासण्या म्हणाल तर टीएसएच (थायरॉइडचं काम कळतं ती) आणि थायरॉइडच्या अँटीबॉडी महत्त्वाच्या, कारण कोडाबरोबर थायरॉइडचा त्याच जातीचा आजार पुष्कळदा जोडीने येतो. शिवाय हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, 'ड'. वजन आधीपासूनच कमी असेल, उंची खुंटली असेल, पोटाची तक्रार असेल तर सिलिॲकची, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी करतात. गहू बंद करायचा सल्ला कुणी दिला तर तो पाळण्याआधी ही तपासणी करा. आधी चपाती सोडलीत तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते.

आता निरभ्र यांच्यासाठी. भाचा बरा झाला याचा आनंदच आहे. पण त्यांनी 'फक्त एक मलम' हे शब्द किती हलकेच टाकलेत बघा. चेहऱ्यावरचे डाग मलमाला सगळ्यात लवकर दाद देतात, काही आपापलेही भरतात. केसांच्या मुळांत रंगपेशींचा साठा असतो, तिथून त्या बाहेर येतात, म्हणून रंग परत येताना आधी केसांभोवती तपकिरी ठिपके दिसतात. बोटांची टोकं, घोटे, तळपाय इथे केस नाहीत किंवा विरळ आहेत, म्हणून तिथे उपचार रेंगाळतात. दही न खाणारा मुलगाही याच क्रमाने बरा होतो आणि दही चापणाराही.

निरभ्र

समजलं. पण एक पथ्य पाळल्याने नुकसान काय, एवढंच म्हणणं होतं.

खडूस_आत्या

@निरभ्र, नुकसान धागाकर्तीने आकड्यांत लिहिलंय. ९.४ आणि दीड किलो.

वैद्य_तुळस

आयुर्वेदाची पदवी आहे, म्हणून आमच्या नावावर खपणाऱ्या गोष्टींबद्दल बोलते.

श्वित्र, किलास ही कोडाची नावं फार जुनी, अथर्ववेदातही किलासावर औषधी आहे. ग्रंथांत विरुद्ध आहार सांगितला आहे, दूध आणि मासे एकत्र खाणं हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. एकत्र! त्यावरून दूधही बंद आणि मासेही बंद, हे शास्त्र नव्हे, ही घरगुती बेरीज. कायम लोणचं-पापडावर जेवणाऱ्या मोठ्या माणसाला आंबट-खारट कमी कर असं मीही सांगते. वाढत्या वयाच्या, हडकलेल्या मुलीला नाही सांगणार.

तुमच्या त्या कॅप्सूलच्या डब्यावर बावची आहे का बघा. बावचीत सोरालेन असतं, ते त्वचेला उन्हासाठी हळवं करतं. त्याचा उपयोग त्यातच आहे आणि धोकाही. लावून उन्हात बसवलेल्या मुलांच्या पायावर तळहाताएवढे फोड आलेले मी पाहिलेत. पोटातून घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. दुकानातून आणून, वजन न बघता, मुलाला द्यायची ही वस्तू नाही. डबा घेऊन डॉक्टरांना दाखवा, 'काही नाही, आयुर्वेदिक आहे' म्हणून लपवू नका.

तांब्याचं: साधं पाणी ठीक आहे, कोडासाठी त्याचा उपयोग नाही एवढंच. पण त्याच तांब्यात कुणी ताक किंवा लिंबूसरबत ठेवलं तर तांबं उतरतं आणि उलट्या होतात.

तालुक्याचा_डॉक्टर

वैद्यबाई, शंभर टक्के सहमत. पूरक गोळ्यांचं मघाशी माझ्याकडून राहून गेलं.

बी-१२ आणि फोलिक ॲसिडची आशा स्वीडनमधल्या १९९७च्या एका कामामुळे वाढली. १०० रुग्णांना गोळ्या आणि सोबत ऊन दिलं, निम्म्यांहून थोड्या जास्त जणांत रंग परतू लागला. पण तुलनेला नुसतं ऊन घेणारा गट नव्हता. २००२ साली नेदरलँड्समध्ये नुसता लाइट (दवाखान्यातल्या दिव्याचे अतिनील किरण) आणि लाइट अधिक गोळ्या अशी तुलना झाली, फरक दिसला नाही. म्हणून कमी असेल तर जरूर द्या, नसेल तर डागांसाठी देऊन उपयोग नाही.

जिंकोच्या, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या, गोळ्या बरेच जण विचारतात. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात ४० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देऊन पाहिलं होतं, २००३ साली ते छापून आलं. संथ पसरणारं कोड काहींमध्ये थांबलं. रुग्ण पन्नासच्या घरात. सात वर्षांच्या मुलीला द्यावं इतकं बळ त्यात नाही आणि जिंको रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतं.

झिंक उगाच महिनोन्महिने दिलं तर शरीरातलं तांबं घटतं. म्हणजे एका हाताने तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि दुसऱ्या हाताने तांबं घालवणारी गोळी, घरोघरी हेच दिसतं. आणि 'ड'च्या ६०,००० युनिटच्या पुड्या. कमतरता असेल तर ठरावीक आठवडेच देतात, मग रोजचा छोटा डोस. मुलांची रोजची गरज ६०० युनिट आहे, यावरून पुडीचा अंदाज घ्या. एका घरात कुणीच थांबवायला न सांगितल्यामुळे वर्षभर दर रविवारी पुडी चालली होती. मुलाला उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी लघवी. रक्तात कॅल्शियम चढलेलं निघालं, ॲडमिट करावं लागलं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. आमचा मुलगा तेरा वर्षांचा, कोड सातव्या वर्षापासून. इकडे त्वचेच्या डॉक्टरांनी आहाराचा विषय दोन मिनिटांत संपवला, पण कपड्यांचा पाऊण तास चालला. जिथे घासतं, खरचटतं, आवळतं तिथे नवा डाग उठू शकतो. आमच्याकडे सॉकरचे शिनगार्ड आणि चड्डीचं घट्ट इलॅस्टिक निघालं. मोगरा, तुझ्या मुलीचे गुडघे आणि घोटा वाचून तेच आठवलं. ती खेळताना गुडघ्यावर पडते का? बुटाची कड घोट्याला लागते का?

औषधाचं सांगायचं तर रुक्सोलिटिनिबचं १.५ टक्के मलम इथे जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झालं, पण १२ वर्षांपासून पुढे. आम्ही गेल्या वर्षी सुरू केलं, मानेवर चांगला फरक आहे, बोटांवर जवळपास नाही. सात वर्षांसाठी आत्ता ते नाही, उगाच इकडून कुणाकडून मागवू नकोस.

अवांतर: आमच्या आईने फोनवरून अडीच वर्षं दही बंद करायला सांगितलं. आम्ही हो म्हणायचो आणि खायला घालायचो.

तालुक्याचा_डॉक्टर

घासण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा, धन्यवाद. आपल्याकडची भर घालतो: रबरी चपलेचा पट्टा आणि चिकटवायची टिकली. यांतल्या काही रसायनांनी नेमक्या त्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. मुलीला टिकली लावत असाल तर कुंकवाची ओली पेन्सिलही नको, नुसतं कपाळ राहू द्या काही महिने.

मोगरा_सांगली

सगळ्यांचे प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. मालवणीदादा, तुमच्या आईचं वाचल्यावर त्या उठून आत गेल्या. काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना हिच्या ताटात दही वाढलेलं होतं, कुणी वाढलं ते मी विचारलं नाही.

कॅप्सूलच्या डब्यावर बावची आहे. बंद केलं. तपासण्या करून येते.

मोगरा_सांगली

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय, सांगायला हवं म्हणून.

थायरॉइड व्यवस्थित आहे, वर्षाने पुन्हा बघायचं. बी-१२ काठावर, 'ड' १४ निघालं. दोन्हींची औषधं ठरवून दिली, तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्यात आणि पुड्यांचे ठरलेले आठवडे संपले. हिमोग्लोबिन ११.६. वजन २१.८. खाणं म्हणाल तर पोह्यांवर लिंबू, भडंगावर लिंबू, सकाळी अंडं किंवा नाचणीचं सत्त्व, जेवताना वाटीभर दही. वांगं तिला तसंही आवडत नाही, ते तिने सोयीने पथ्यातच ठेवलंय.

लाइट सुरू केलाय, आठवड्यातून दोनदा, मिरजेला. ३११ नॅनोमीटरचा आहे म्हणे. डोळ्यांवर गॉगल लावून पेटीत उभी राहते आणि पाढे म्हणते, सतराच्या पाढ्याशी अडते. पापणीचा डाग मलमानेच जवळजवळ भरला. गुडघ्यावर तपकिरी ठिपके आलेत, डॉक्टरांनी सांगितले होते तसेच, केसांच्या भोवती. घोटा ढिम्म.

मावससासूबाई परवा आल्या होत्या. दही बघून म्हणाल्या, "हे काय?" सासूबाई म्हणाल्या, "रिपोर्ट आलाय." बास, एवढंच.

एक प्रश्न उरलाय. घोट्याला बुटाची कड घासते हे बरोबर निघालं, पण शाळेत काळे चामडी बूट सक्तीचे. कॅनव्हासची परवानगी मागायला डॉक्टरांची चिठ्ठी लागेल का? आणि मोज्यांचं इलॅस्टिक सैल करायचा काही उपाय?

मालवणी_तिखला

चिठ्ठी घ्याच, शाळेत कागद चालतो. मोजे एक नंबर मोठे घ्या, आणि नवे असताना रात्रभर पाण्याच्या बाटलीवर चढवून ठेवा, सैल पडतात. आई माझ्यासाठी तांब्यावर चढवायची. तेवढ्यापुरता तांब्याचा उपयोग झाला म्हणायचा.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी सुरू केलेली श्वेता असोसिएशन आहे. मुलगी थोडी मोठी झाली की कधीतरी त्यांच्याशी बोला. मला ते नाव तिशीत कळलं.

एडिसनकर

मोज्यांच्या वरच्या पट्टीला शिंप्याकडून दोन बारीक चिरा देऊन कडा शिवून घ्या. आमच्याकडे तेच चाललंय. आणि सतराच्या पाढ्याला आम्हीही अडतो, तिला सांगा.